सगळ्यात कमी दराचं कोटेशन

विश्वजितला कुठलीही गोष्ट घ्यायची म्हटली की तीन कोटेशनं लागायची. सांगलीत विश्रामबागेतल्या एका खासगी कॉलेजच्या खरेदी विभागात तो अकरा वर्षं होता आणि तिथलं वळण त्याच्या अंगात इतकं मुरलं होतं, की घरी कोथिंबिरीची जुडी आणायची तरी तो तीन गाड्यांवर भाव विचारायचा. तिसऱ्या गाडीवरून परत येईपर्यंत पहिलीवरची कोथिंबीर संपलेली असायची, ती गोष्ट वेगळी. त्याचे नियम दोनच. तीन दर मागवायचे आणि सगळ्यात कमी दरवाल्याला काम द्यायचं, हा पहिला. पावतीशिवाय एक पैसा हातचा सोडायचा नाही, हा दुसरा. एवढे दोन नियम पाळले की माणूस आयुष्यात फसत नाही, असं तो बायकोला आठवड्यातून दोनदा तरी ऐकवायचा.

मुलगी सहा महिन्यांची झाली आणि सृष्टीची रजा संपत आली. सृष्टी एका दवाखान्याच्या लॅबमध्ये होती, पगार चोवीस हजार. साक्षीला दिवसभर कोण सांभाळणार, असा प्रश्न आला तेव्हा विश्वजितनं नेहमीप्रमाणे कागद घेतला. मिरजेहून येणारी बाई : तेरा हजार, रविवारी सुट्टी, दोन वेळचा चहा, पोराशिवाय दुसऱ्या कामाला हात लावणार नाही. पाळणाघर : साडेसहा हजार, डबा आपला, संध्याकाळी सहानंतर दर अर्ध्या तासाला पन्नास रुपये, आणि पोराला ताप-सर्दी झाली तर पाठवायचं नाही. सृष्टीनं नोकरी सोडणं : चोवीस हजारांचा थेट तोटा. विश्वजितनं रजा काढणं हा पर्याय कागदावर मावला नाही, कारण कागद लहान होता. सगळ्यात शेवटी त्यानं लिहिलं, 'आई', आणि पुढं एक गोल गरगरीत शून्य काढलं. ते काढताना त्याला जरासं भरूनही आलं. आईच्या मायेला मोल नसतं, हे त्यानं शाळेत निबंधात लिहिलं होतं. आता त्याचा हिशेबात उपयोग झाला.

आई, म्हणजे तानुबाई, माण तालुक्यात दहिवडीच्या पुढं एका वाडीवर एकटी राहायची. वय बासष्ट, गुडघे बासष्टाचेच, पण जीभ तिशीतली. तिचा नवरा मुंबईत गोदीत हमाली करत करत तिकडंच संपला. तानुबाईनं पोरगं वाढवलं ते शेळ्यांवर. विश्वजितचं बी.कॉम. एका शेळीच्या पाच बोकडांवर झालं होतं; त्याच्या पावत्या कुणी ठेवल्या नव्हत्या. त्या शेळीचीच लेक म्हणजे चांदी. अंगानं काळी कुळकुळीत आणि उजवा कान तेवढा पांढराशुभ्र, म्हणून चांदी. नऊ वर्षांची म्हातारी झालेली, आणि दारातल्या सात शेळ्यांपैकी चार तिच्या पोटच्या. तानुबाईचा तिच्यावर जीव होता, आणि ती तो लपवायची नाही.

"आई, दोनच महिने," विश्वजित वाडीवर येऊन म्हणाला. "सृष्टी कामावर रुळली की मग आम्ही बघू. नातीला आजीची सवय नको का व्हायला?"

"आनि माझ्या शेरडांस्नी कुनाची सवय लावू?"

"दे की कुणालातरी सांभाळायला. हा हरिबाकाका आहे की शेजारी."

हरिबा तिथंच उंबऱ्यावर बसला होता. नात्यानं चुलतदीर, स्वभावानं बरा, फक्त हाताचा पंजा असा रुंद की त्याच्या मुठीत तंबाखूची पुडी दिसायची नाही. व्यवहार पाच मिनिटांत ठरला, कारण त्या बाजूला असले व्यवहार आजे-पणजे ठरवून गेलेत. शेळ्या अर्धलीनं द्यायच्या. चारायच्या हरिबानं, दूध हरिबाचं, आणि जी करडं होतील त्यातली निम्मी मालकिणीची, निम्मी वाढवणाऱ्याची. आणि एखादं जनावर मेलंच, तर त्याचा कान कापून ठेवायचा आणि मालकाला दाखवायचा. कान दाखवला म्हणजे जनावर विकून खाल्लं नाही, खरंच मेलं, याचा पुरावा झाला. विश्वजित हे सगळं मोबाईलमध्ये बघत बघत ऐकत होता.

"निम्मी करडं?" तो एकदम म्हणाला. "अगं, शेजारी आहे तो. फुकट सांभाळायला सांग ना."

त्यावर हरिबा हसला.

"आरं गड्या, फुकट दिल्यालं जनावर कोन चारत न्हाई. दाव्याला बांधून ठिवत्यात नुसतं."

"चांदी दीड महिन्याची गाभन हाय," तानुबाई हरिबाला म्हणाली. "मागल्या खेपंला करडू आडवं आल्तं. म्या हात घालून सरळ केलं तवा सुटली. व्यायच्या टायमाला मी हितं पायजे, काय बी होऊ दे. दोन म्हैन्यात मी येतीच हाय."

"येनारच की," विश्वजित म्हणाला. बायकांना एसटीला अर्धं तिकीट झालं होतं, त्यामुळं आणण्याचा खर्चसुद्धा निम्माच लागला. विट्याला गाडी बदलताना त्यानं आईला चहा पाजला आणि दहा रुपयेही स्वतःच दिले.

विश्रामबागेत तिसऱ्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत तानुबाईचं बस्तान बसलं. साक्षीला तिनं पहिल्या आठवड्यातच ताब्यात घेतलं. पोरगी तिच्या मांडीवर तेल लावून घ्यायची, तिच्या पदराचा कोपरा तोंडात धरून झोपायची, आणि तानुबाई खोलीतून बाहेर गेली की भोकाड पसरायची. तानुबाईला हे आवडत होतं, खोटं कशाला बोला. पण पोर सांभाळणं एवढंच काम असेल, असं समजणाऱ्यानं विश्वजित ओळखलाच नाही. आई घरी असतेच म्हटल्यावर पंधरा दिवसांत पोळ्यांची बाई बंद झाली. महिनाभरात भांड्यांची बंद झाली. महिन्याला साडेचार हजार वाचले. म्हणजे आईचा दर आता शून्याच्याही खाली गेला होता आणि असं कोटेशन उभ्या जिल्ह्यात कुणाला मिळालं नसेल. विश्वजितनं ऑफिसात दोघांना अभिमानानं सांगितलंसुद्धा.

एक दिवस तानुबाई फ्रिजमधलं दूध काढत होती. फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली एक कागद होता. तिला अक्षरं धड लागायची नाहीत, पण आकडे पक्के लागायचे. बाजारात बोकड विकणाऱ्या बाईला आकडे वाचता आले नाहीत तर ती बोकडासकट विकली जाते. १३०००. ६५००. २४०००. आणि खाली ०, आणि त्या शून्यापुढं बरोबरची लाल खूण.

"सृष्टे, ह्यो शून्य कुनाचा गं?"

सृष्टीनं कागदाकडं बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. सून वाईट नव्हती. सकाळी आठला जायची, सातला परत यायची, आणि आल्या आल्या सासूच्या हातातलं लाटणं काढून घ्यायची.

"काही नाही आई. यांचं काहीतरी ऑफिसचं," ती म्हणाली, आणि कागद काढून तिनं ड्रॉवरमध्ये टाकला. ऑफिसचं काम घरच्या फ्रिजवर का लावलंय, हे तानुबाईनं विचारलं नाही.

उत्तर दुपारी खाली बागेतल्या बाकावर मिळालं. समोरच्या फ्लॅटमध्ये डॉक्टर जोडप्याचं पोरगं सांभाळायला मिरजेहून सुगराबी यायची. पन्नाशीची, फटकळ, चालण्या-बोलण्यात कुणाच्या बापाला न भिणारी. दोघी पोरं घेऊन रोज बाकावर बसायच्या.

"मावशी, तुमची सुट्टी कुटल्या वारी?"

"आजीला कसली सुट्टी?"

"आनि भांडी बी तुमीच घासताय म्हनं. मला डॉक्टरीनबाईनं पैल्या दिवशी बशी उचलायला सांगितली. म्हनलं, बाई, पोरगं म्हंजे पोरगं, भांडं म्हंजे भांडं. दोन्ही पायजे तर दोन मानसं ठेवा." सुगराबीनं पान जमवलं. "तुमच्याच घरी आलते की मी आदी. तेरा हजार बोलले. तुमच्या सायबांनी कागदावर लिवून घेतलं, म्हनले कळवतो. चार म्हैने झाले, कळवतायत."

"चार कुटलं, आत्ता कुटं दोन म्हैनं—" तानुबाई बोलता बोलता थांबली आणि बोटं मोजायला लागली. दोन महिने कधीच सरले होते, साडेतीन होत आले होते. आधी कॉलेजचं ऑडिट निघालं, मग सृष्टीच्या लॅबमधली एक मुलगी रजेवर गेली, मग दिवाळी, मग 'दिवाळी तर होऊन जाऊ दे'. चांदीचे दिवस भरत आले होते.

त्या संध्याकाळी जेवताना तिनं विषय काढला. चार दिवस जाऊन येते, म्हणाली. चांदी व्याली की लगेच परत.

विश्वजितनं घास खाली ठेवला. त्याला राग आला नव्हता. त्याला फक्त हिशेब सुचला होता, आणि ते जास्त वाईट होतं.

"बघ आई, चार दिवसांसाठी बाई रोजावर आणायची तर आठशेच्या खाली कोण येत नाही. झाले बत्तीसशे. आता शेळी धर. नऊ वर्षांची. आमच्याकडं कुठल्याही वस्तूवर दरवर्षी घसारा धरतात. टेबल, खुर्ची, पंखा, सगळ्यावर. नऊ वर्षांत वस्तूची किंमत कागदावर शून्य होते. शून्य किमतीच्या वस्तूसाठी बत्तीसशे खर्च करायचे? तूच सांग."

"अहो, काय बोलताय?" सृष्टी म्हणाली.

"मी आकड्यात बोलतोय. भावनेत नाही."

तानुबाई ताटाकडं बघत होती. आता दोघी शून्य झाल्या, एक दारातली आणि एक घरातली. "मानसावर बी धरता का रं घसारा?" तिनं विचारलं. विश्वजितला ते विनोदानं घ्यावंसं वाटलं, म्हणून तो हसला. तानुबाईनं शुक्रवारी जायचं ठरवून टाकलं. त्याला विचारलं नाही, सांगितलं.

गुरुवारी साक्षीला ताप भरला. पोरगी लालभडक, डोळे उघडेना, आणि आजीच्या खांद्यावरून कुणी काढलं की किंचाळायची. सृष्टी रडकुंडीला आली. "आई, लॅबमध्ये आज नाही गेले तर मला ठेवणार नाहीत. तिकडं दोघीच आहोत आम्ही. मी तुम्हाला थांबा म्हणत नाही. पण तुम्हीच सांगा मी काय करू." विश्वजितनं पाळणाघराला फोन केला. ताप असलेलं मूल घेत नाही, असं तिकडून उत्तर आलं. त्यानं 'बघा, म्हणूनच मी हा पर्याय नाकारला होता' अशा नजरेनं दोघींकडं बघितलं आणि डबा घेऊन तो कामावर गेला.

तानुबाई थांबली. विश्वजितसाठी नाही, शून्यासाठी नाही. पोरीचा तापलेला गाल तिच्या मानेला चिकटला होता आणि तो सोडवून तिला जाता येईना. तिनं हरिबाला फोन लावला.

"हरिबा, दोन दिसात येती. तवर चांदीच्या जवळच ऱ्हा. आडवं आलं तर तुझा हात घालू नगंस बाबा, पंजा हाय त्यो. धाकल्या सुनंला बोलीव, तिचा हात बारीक हाय."

"व्हय व्हय वयनी. तुमी काळजी करू नगा."

शनिवारी सकाळी साक्षीचा ताप उतरला. तानुबाई पिशवी भरत होती, तेवढ्यात फोन वाजला. हरिबा बराच वेळ नुसता खाकरत राहिला.

"वयनी, चांदी गेली. पहाटं याली. करडू आडवंच आलं. सून म्हायेराला गेलीया. म्या लय केलं, पर माझ्यानं न्हाई झालं. दोन करडं व्हती, त्यातली एक पाट तेवढी जगलीया. तिला वयनी, काय पाजू? दुसरी शेरडी अंगाला लावून घीना तिला." थोडं थांबून तो म्हणाला, "कान ठिवलाय."

तानुबाईनं फोन बंद केला. विश्वजित दाढी करता करता बाहेर आला होता. तिनं साक्षीला उचललं आणि त्याच्या हातात दिलं, अर्धा साबण त्याच्या गालाला असतानाच.

"मी निगाले."

"आई, आज शनिवार आहे, मला अर्धा दिवस जायचंय. कुणाकडं द्यायची हिला?"

"तुझी हाय न्हवं? तूच बघ की."

गाडीत खिडकीशी बसून तानुबाई तासगाव सुटेपर्यंत कोरडीच होती. मग पदर तोंडाला लावून ती रडली. शेळीसाठी रडणारी म्हातारी बघून शेजारच्या बाईनं विचारलं, कोण गेलं? "घरातलंच," तानुबाई म्हणाली.

तीन दिवस विश्वजित बाप होता; सृष्टीला लॅबमध्ये रविवारही नव्हता. पहिल्या दिवशी त्यानं सुगराबीला विचारून बघितलं, ती म्हणाली, "तुमी कळवतो म्हनला होता सायब, आता माझं पोरगं दुसरं हाय." रोजावरच्या बाईनं घर बघितलं, भांड्यांचा ढीग बघितला आणि बाराशे सांगितले. दुसरीनं फोन उचलला नाही. दुसरं-तिसरं कोटेशन मिळालंच नाही, आणि नियमानं एकावर काम देता येत नव्हतं. शेवटी त्यानं बिनपगारी रजा टाकली. त्याच्या पगाराच्या हिशेबानं दिवसाला सतराशे. कपाळ बडवायलासुद्धा हात मोकळा नव्हता, कारण साक्षी खांद्यावरून उतरत नव्हती. तिसऱ्या दिवशी त्याला तिचं खिमट आजी कशात करते ते कळलं. भांडं समोरच होतं.

मंगळवारी दुपारी तानुबाई आली. दार उघडलं तेव्हा विश्वजितच्या शर्टावर वरणाचा डाग होता आणि घरात साडेचार हजारांची कामं सगळीकडं पसरलेली होती. आजीला बघून साक्षी हात पसरून झेपावली. तानुबाईनं तिला घेतलं, मुका घेतला, डोक्याचा वास घेतला. मग परत विश्वजितकडं दिली आणि खोलीत जाऊन आपली दोन लुगडी, चष्मा, औषधाची पट्टी पिशवीत भरायला लागली.

"आई, आत्ता तर आलीस."

"सामान न्याला आली. तिकडं बी एक तान्हं हाय. तीन दिसाचं. बाटलीनं पाजाय लागतंय, हरिबाच्या सुनंपाशी ठिवून आली. त्याला आई न्हाई. हिला आई हाय, बाप हाय, आनि तीन कोटेशनं बी हायत."

"अगं पण मी आता बाई बघतो म्हणत होतोच. थोडे दिवस—"

"सृष्टीला इचारून बघ. तेरा हजारवाली बघ. पोर म्हंजे पोर, भांडं म्हंजे भांडं, आसं सांगनारी बघ."

पिशवीच्या तळातून तिनं फडक्याची एक पुरचुंडी काढली आणि टेबलावर ठेवली. विश्वजितनं साक्षीला दुसऱ्या हातावर घेऊन ती सोडली. आत एक कान होता. वाळलेला, कडेला मुडपलेला, पांढराशुभ्र. त्यानं हात मागं घेतला. बारावीच्या उन्हाळ्यात तो ज्या शेळीच्या पोटाशी टेकून झोपायचा तिचाही एक कान असाच पांढरा होता. ती चांदीची आई. ते त्याला आत्ता आठवलं.

"हे काय, आई?"

"पावती. तूच म्हंतोस न्हवं, पावतीबिगर पैसा न्हाई? तुझ्या त्या फ्रीजवरच्या कागदाला जोड."

विश्वजितला माफी मागायची होती, पण ती कशी मागतात हे त्याला आठवेना. त्याला येत होतं तेवढंच तो बोलला.

"केवढ्याची... किती होती तिची किंमत? मी देतो."

तानुबाईनं चपला घातल्या. साक्षी बापाच्या खांद्यावरून तिच्याकडं झेपावत रडायला लागली होती. तिनं एकदा तिच्या पायावरून हात फिरवला.

"तीन ठिकानी इचार," ती म्हणाली, आणि पिशवी उचलून जिना उतरायला लागली.